बंद दारापुढचे गिऱ्हाईक



संयोजक मंडळी माझ्याकडे आली तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी कामगार चळवळीच्या भवितव्यावर बोलावे. मी म्हणालो, भवितव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दुकान अचानक बंद असते त्यावर बोलू द्या. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एकाने विचारले, "म्हणजे बाजार बंद, हरताळ, त्याविषयी का?" मी म्हणालो, नव्हे. आपण पिशवी घेऊन जातो आणि दुकानाला कुलूप दिसते, त्याविषयी. त्यांनी माझा मान राखला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

विषय क्षुद्र आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी गेल्या महिन्यातला आपला एक तरी हेलपाटा आठवून पाहावा. वस्तू महाग मिळाली तर आपण घासाघीस करतो, वाईट निघाली तर परत नेतो, भांडतो. पण दारच बंद असले तर भांडायचे कोणाशी? शेजारच्या पानवाल्याला आपण विचारतो, "कुठे गेले हो हे?" तो चुना लावता लावता म्हणतो, "येतील." या एका 'येतील'वर आपल्या देशातली किती माणसे किती तास उन्हात उभी राहिली असतील याची गणती कोणी केलेली नाही.

बंद दुकानावरच्या पाट्या वाचण्याचा मला जुना नाद आहे. पुस्तके मी फार उशिरा वाचू लागलो. त्याआधी पाट्याच वाचीत असे. "दहा मिनिटांत येतो" ही पाटी तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. दहा मिनिटे केव्हापासून धरायची हे तिच्यावर कधीही लिहिलेले नसते. तुम्ही पावणेबाराला आलात तरी दहा मिनिटे, साडेबाराला आलात तरी दहाच. दुसरी पाटी "आज दुकान बंद राहील." ही मी एका दारावर लागोपाठ तीन दिवस पाहिली. तिसरी जरा शिकलेल्या दुकानदाराची असते: "काही अपरिहार्य कारणामुळे." कारण सांगूच नये, माझी काही हरकत नाही. ज्याच्या त्याच्या घरचे दुःख ज्याच्या त्याच्याकडे. पण कारणाला एवढी जागा दिली, तेवढ्यात पुन्हा केव्हा उघडणार हे मावले असते.

आता हा जो संताप येतो तो नेमका कशाचा, हे आधी पाहू. बंद असण्याचाच संताप येतो असे आपण समजतो, पण ते खरे नाही. आपल्याकडे केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. आता मोठ्या शहरांतली काही सोमवारीही उघडी दिसतात, पण बहुतेक गावांत अजून सोमवार म्हणजे सोमवार. सोमवारी दाढी वाढली म्हणून कोणी त्या बंद दाराशी जाऊन चडफडला आहे, असे तुम्ही पाहिले आहे काय? रविवारी गर्दी असते, बाकावर बसून कालचे वर्तमानपत्र वाचावे लागते, पण राग नाही. कारण ती सुट्टी लहान मुलालादेखील ठाऊक असते. आठवडे बाजाराचेही तसेच. सहा दिवस बाजार नसतो, त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पुण्यात तर वारांच्या नावाच्या पेठाच आहेत. व्यापाराने लोकांना दिलेले सर्वांत जुने वचन भावाचे नसेल, वाराचे असेल, असे मला वाटते. तेव्हा संताप बंद असण्याचा नसून न कळविता बंद असण्याचा आहे. आणि तो कोणाला किती होतो, हे त्या माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे यावर अवलंबून असते.

हे मी आईमुळे शिकलो. आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरीत असे. जेवढे काम तेवढा दाम. त्या काळी रॉकेल रेशनवर मिळे, आणि ते आले की नाही, दुकान उघडले की नाही, हे तेथे जाऊनच कळे. दुकानापुढे डब्यांची रांग लागलेली असे. माणसे उभी राहायला मोकळी नसत, म्हणून डबे उभे राहत. वारा डबा उडवू नये म्हणून प्रत्येकात एकेक धोंडा. मी आठ वर्षांचा होतो. डब्याशेजारी बसणे हे माझे काम. दुकान उघडले की मी पळत जाऊन आईला बोलवायचे, तिने कांडीचे यंत्र थांबवून यायचे. एका आठवड्यात मी तिला तीनदा बोलावून आणले आणि तिन्ही वेळा ती येईतो फळी लागलेली होती. तिसऱ्या दिवशी मुकादमाने तिचा अर्धा खाडा लावला. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली आणि रात्री चिमणीही लागली नाही. ती दुकानदारावर रागावली नाही, माझ्यावरही नाही. रिकामा डबा तिने कोपऱ्यात ठेवला आणि त्यातला धोंडा काढून दाराबाहेर नीट ठेवला, कारण तो उद्या पुन्हा लागणार होता.

ज्याच्या घरी माणसे आहेत, ज्याच्या हाताशी गडी आहे, त्याला बंद दुकान म्हणजे एक हेलपाटा. ज्याचे पोट तासावर आहे त्याला ते खाडा असते. म्हणून या विषयाला मी क्षुद्र म्हणायला तयार नाही.

बरे, मग कायदा काय म्हणतो? ग्राहकाचा कायदा आपल्याकडे १९८६ साली झाला. त्याच्या आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा आला. दोन्ही मी वाचले आहेत. चष्मा लावून, दोन-दोनदा. त्यात ग्राहक कोण? तर ज्याने पैसे देऊन, किंवा देण्याचे कबूल करून, वस्तू वा सेवा घेतली तो. म्हणजे कुलपापुढे पिशवी घेऊन उभा असलेला मनुष्य कायद्याच्या भाषेत ग्राहकच नव्हे! त्याने काही घेतलेले नाही. दाराच्या आत पाऊल पडले आणि व्यवहार झाला, तर तो राजा. बाहेर आहे तोवर तो नुसता रस्त्यावरचा माणूस.

त्या रस्त्यावरच्या माणसाची थोडी तरी आठवण ज्या कायद्याने ठेवली तो मुळात ग्राहकासाठी झालेला नव्हता. तो दुकानातल्या नोकरांसाठी झाला होता. येथून पुढे माझ्या धंद्याचा विषय सुरू होतो, तेव्हा थोडे सबुरीने घ्यावे.

वेळ ठरवून बंद करणे ही मालकांची कल्पना नव्हे, सरकारचीही नव्हे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे मागणे मांडले त्यात पगारवाढीचा गाजावाजा नव्हता. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, असली ती मागणी. नीट पाहा: जवळजवळ सगळी मागणी वेळेची आहे. केव्हा सुरू, केव्हा बंद, केव्हा पैसे. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी पोस्ट बंद म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा हा दिवस ज्यांनी मागून घेतला त्यांची आपल्याला आठवण नसते. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. मलाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

गिरणीला भोंगा होता, दुकानाला नव्हता. दुकानातला नोकर शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा, आणि शेवटचे गिऱ्हाईक कोणते हे शेठ ठरविणार. १९३९ साली मुंबई प्रांतात दुकाने आणि आस्थापना यांचा कायदा झाला. देशात या प्रकारचा तो पहिला. तो पुढे १९४८ साली नव्याने झाला आणि जवळजवळ सत्तर वर्षे चालला. व्यापारी मंडळी त्याच्या परवान्याला 'गुमास्ता' म्हणतात. "गुमास्ता काढला का?" बँकेत खाते उघडायला गुमास्ता लागतो, वीज घ्यायला लागतो. गुमास्ता म्हणजे दुकानातला नोकर. ज्याच्या विश्रांतीसाठी कायदा झाला त्याचे नाव मालकाच्या परवान्याला चिकटले आणि नोकर मागे राहिला. शब्दांचे असेही नशीब असते.

त्या १९४८ च्या कायद्यात नोकराला दिवसाचे नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा होती. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मग एक तास विश्रांती. कामाला लागल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पसारा अकरा तासांच्या आत. दुकान रात्री साडेआठनंतर उघडे ठेवायचे नाही. आणि येथेच त्या कायद्याने एक मोठी समजूतदार गोष्ट केली. साडेआठच्या ठोक्याला जे गिऱ्हाईक दुकानात असेल, किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल, त्याला पुढची पंधरा मिनिटे माल देता येईल. ठोका पडला म्हणून माणसाच्या तोंडावर फळी लावू नये. ज्याने हे कलम लिहिले त्याने कधी तरी रांगेत उभे राहून पाहिले असले पाहिजे.

दुसरे कलम साप्ताहिक सुट्टीचे. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायचे. तो दिवस मालकाने वर्षाच्या आरंभी ठरवायचा, निरीक्षकाला कळवायचा, आणि दुकानात ठळक जागी त्याची सूचना लावायची. तीन महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा तो बदलायचा नाही, आणि बदलला तर पाटीही बदलायची. ही पाटी नोकराची सुट्टी शाबूत राहावी म्हणून होती. पण ती वाचीत होता कोण? रस्त्यावरचा माणूस. दाराच्या आतल्या माणसाला मिळालेले संरक्षण दाराबाहेरच्यालाही फुकट मिळत होते. मी या विषयाकडे वळलो तो या एका पाटीमुळे. आमची संघटना आणि गिऱ्हाईक यांचे जमत नाही असा सार्वत्रिक समज आहे. पण ज्या पाटीवर आमची सुट्टी लिहिलेली असते, तिच्यावरच त्याचा हेलपाटा वाचतो.

हे आज म्हणतो. वीस वर्षांचा होतो तेव्हा असे म्हणत नव्हतो. मी तेव्हा कापडाच्या दुकानात गादीवर कामाला होतो. घडी मोडायची, दाखवायची, पुन्हा घडी घालायची. साडेआठला दुकान बंद, नऊ दहाला माझी शेवटची एस. टी. ती चुकली की दुकानाच्या पायरीवर निजायचे. ठोक्याला पाच मिनिटे कमी असताना येऊन चाळीस लुगडी उलगडायला लावणाऱ्या आणि "उद्या यांना घेऊन येते" म्हणून निघून जाणाऱ्या बायकांबद्दल मी तेव्हा जे बोलत असे ते येथे सांगण्यासारखे नाही. बंद दुकानापुढे चिडणाऱ्याने हीही बाजू ऐकावी. मालकाची वेळ गिऱ्हाइकाच्या सवडीने वाढते, पण ती ज्याच्या पायांवर वाढते त्याला त्या वाढीचे काही मिळत नाही.

एका रविवारी शेठ लग्नाला गेले होते आणि किल्ल्या माझ्याकडे होत्या. जूनचा महिना, शाळा उघडायच्या बेतात. आठ वाजून दहा मिनिटांनी मी शटर अर्धे ओढले. माझ्या मनात एवढेच की आज एस. टी. आरामात मिळेल. तेवढ्यात एक खेडूत मनुष्य वाकून शटरखालून आत डोकावला. त्याला मुलीच्या शाळेच्या गणवेशाचे कापड हवे होते, निळे आणि पांढरे. अडीच-तीन वार कापड. पाच मिनिटांचे काम. मी म्हणालो, "बंद झाले." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, पण काही बोलला नाही. मग विचारले, "उद्या उघडं असतंय का?" दुसरा दिवस सोमवार, आमचा सुट्टीचा. मी तोंडाने न सांगता पाटीकडे बोट दाखविले. तो पाटीकडे पाहत उभा राहिला. बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्या ध्यानात आले की त्याला वाचता येत नाही. मी सांगितले, "उद्या सुट्टी, परवा या." तो "बरं" म्हणाला आणि गेला. मला नऊ दहाची एस. टी. मिळाली, स्थानकावर चाळीस मिनिटे नुसता बसून राहिलो.

कायद्याप्रमाणे तो पंधरा मिनिटांच्या सवलतीतला नव्हता, तो तर वेळेच्या वीस मिनिटे आधी आलेला होता. मी संघटनेत शिरलो तो पगाराच्या भांडणातून, या प्रसंगामुळे नव्हे. तसे सांगितले तर ते खोटे होईल. पण पुढे वाटाघाटीत 'आमची वेळ, आमची वेळ' असे बोलताना तो मनुष्य कित्येकदा डोळ्यांपुढे येई आणि जीभ अडखळे.

आता दुपारच्या बंदविषयी. एक ते चार दुकाने बंद ठेवण्यावरून पुण्याची जेवढी थट्टा झाली तेवढी दुसऱ्या कोणत्या गावाची झाली नसेल. थट्टा करणाऱ्यांना एक हिशेब सांगतो. सकाळी साडेनऊला दुकान उघडले, एकला बंद केले, साडेतीन तास. चारला उघडले, साडेआठला बंद केले, साडेचार तास. एकूण आठ, म्हणजे नऊच्या आत. साडेनऊ ते साडेआठ, पसारा बरोबर अकरा तासांचा. पाच तासांची अट पाळली गेली, विश्रांतीची पाळली गेली, आणि दुसरी पाळी ठेवण्याचा खर्च वाचला. दुपारची झोप हे एक कारण असेल. पण हा हिशेबही पक्का आहे. शिवाय ती वेळ साऱ्या जगाला ठाऊक असल्यामुळे तिच्यावर विनोद झाले, शिव्याशाप फारसे झाले नाहीत. माझी तक्रार निराळी आहे. ते तीन तास मालकाला घरी जेवायला आणि लवंडायला मिळतात. नोकर गावाबाहेर राहतो. जाऊन येण्यात तीन तास आणि बसचे भाडे जाते, म्हणून तो पायरीवर डबा खातो आणि सावलीच्या बाजूने सरकत बसतो. आठ तासांच्या कामासाठी त्याचे अकरा तास दुकानाच्या दारात जातात. पुढे कधी दुपारी एखाद्या बंद दुकानापाशी गेलात तर पायरीवर कोण बसले आहे तेही पाहावे. त्याला विचारू मात्र नका. तो "येतील" म्हणेल.

हा सत्तर वर्षांचा कायदा २०१७ साली गेला. त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा डिसेंबर २०१७ पासून आला. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. नोकराला मात्र आळीपाळीने एक दिवस सुट्टी द्यायची. गिऱ्हाइकाला वाटले, सुटलो. पण दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली. हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी झाला. त्याहून लहान दुकानाने फक्त आपण धंदा करतो एवढी माहिती कळवायची. २०२५ साली दहाचा आकडा वीसवर नेण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आता तुमच्या गल्लीतला किराणावाला, औषधवाला, स्टेशनरीवाला डोळ्यांपुढे आणा. कोणाकडे वीस नोकर आहेत? म्हणजे ज्या दुकानांशी आपला रोजचा संबंध त्यांना बंद करण्याचा वार ठरविण्याचे बंधन उरले नाही, पाटी लावण्याचे उरले नाही, आणि तेथल्या दोन-तीन पोरांच्या तासांचा हिशेबही या कायद्याने मागायचा नाही. मोठ्या मॉलमध्ये सुट्टी आळीपाळीने मिळते आणि तुम्हाला दार रोज उघडे दिसते. लहान दुकानात पोराला सुट्टी केव्हा, तर शेठ गावाला जाईल तेव्हा. आणि तुम्हाला कुलूप केव्हा, तर तेव्हाच. दोघांनाही आदल्या दिवशी ठाऊक नसते.

काही शहाणे म्हणतात, मग सगळेच चोवीस तास उघडे ठेवा, कटकट मिटली. औषधाच्या एखाद्या दुकानाने रात्रभर उघडे राहावे हे मला मान्य आहे; दुखणे घड्याळ पाहून येत नाही. पण रात्री दोन वाजता कोणाला पातेली विकत घ्यायची असतात? उघडे ठेवणाऱ्याची झोप ही फुकटची वस्तू आहे असे धरून हा हिशेब मांडलेला असतो. नवरा-बायकोने चालविलेल्या दुकानाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नोकर नाही, रजा नाही. बायको आजारी पडली की दुकान बंद. अशा दारापुढे मी चिडत नाही. शेजाऱ्याला सांगून जा, एवढेच म्हणतो.

आता आमच्या घरचे. संघटनेचा माणूस दुसऱ्याच्या पाट्या वाचतो आणि स्वतःच्या संपाचे बोलत नाही, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका. एका बाजार आवारात हमालीच्या दरावरून तंटा होता. आम्ही पहाटे एकाएकी काम थांबविले. आधी कळविले असते तर मालकांनी बाहेरची माणसे आणली असती, ही आमची भीती, आणि ती खोटी नव्हती. पण त्या पहाटे कोथिंबीर आणि मेथी घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या. दहा वाजता भाजीने माना टाकल्या. एक म्हातारी आपली जुडी पदराने झाकून बसली होती. दर आम्हाला मिळाला. तिला त्या मेथीचे काही मिळाले नाही. काल संध्याकाळी कोणी सांगितले असते तर तिने मेथी उपटलीच नसती.

कामगाराने संपाची नोटीस द्यावी असे कायदा सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात चौदा दिवसांची अट पाणी, वीज, रेल्वे अशा लोकोपयोगी सेवांपुरती होती. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि आता ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. या संहितेशी आमचे भांडण आहे आणि राहील. हा तिचा हेतू संप अवघड करण्याचा आहे, असे आमचे मत आहे. पण चौदा दिवस आधी सांगायचे या गोष्टीला, नुसत्या त्या गोष्टीला, मी त्या म्हातारीपुढे काय उत्तर देऊ? मी एवढेच विचारतो की हा न्याय सर्वांना लावा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता नोटाबंदी सांगितली, मध्यरात्री अमलात आली, आणि दुसऱ्या दिवशी बँका लोकांसाठी बंद. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता सारा देश बंद करण्याचे सांगितले, तेही मध्यरात्रीपासून. साथ होती, घाई होती, मी समजू शकतो. पण त्या रात्री किराणा दुकानांपुढे जी झुंबड उडाली ती तुम्ही पाहिली आहे, आणि पुढे महिनाभर मजूर रस्त्याने चालत गेले तेही पाहिले आहे. कामगाराला चौदा दिवस आणि सरकारला चार तास. उलट २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या राज्यात किराणा सकाळी सात ते अकराच मिळेल असे ठरले, तेव्हा वेळ किती अडचणीची! तरी माणसे दोन दिवसांत तिला सरावली, कारण सातला दार उघडते हे पक्के होते.

रेशनवर आता रॉकेलच्या डब्यांची रांग नाही. दुकान केव्हा उघडते, केव्हा बंद होते, दुपारची सुट्टी किती, साठा किती, हे फलकावर लिहिण्याचे बंधन केंद्राच्या २००१ च्या आदेशानेच घातले होते, आणि ज्या दुकानात तो फलक खरा लिहिला जातो तेथे तंटे कमी होतात, हे मी स्वतः पाहतो. पण आता बंदचा नवा प्रकार आला आहे. दुकान उघडे, दुकानदार हजर, गहू-तांदूळ थप्पीला लावलेले, आणि अंगठ्याचे यंत्र म्हणते सर्व्हर नाही. बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते. झिजलेला अंगठा उठत नाही तो निराळाच. दुकानदार म्हणतो, "दुपारी या." दुपारी तरी येईल का, हे त्यालाही ठाऊक नसते. खाडा तोच, माझ्या आईचा होता तोच. फक्त आता 'येतील' असे सांगणारा पानवालाही नाही.

मी काय करतो, असे कोणी विचारील. मोठे काही नाही. आमच्या संघटनेतली पोरे ज्या दुकानांत आहेत त्या दुकानदारांकडे आम्ही जातो आणि म्हणतो, कायद्यात असो वा नसो, पाटी लावा. वार लिहा, वेळ लिहा, आणि अचानक जावे लागले तर परत केव्हा येणार ते तारीखवार लिहा. नोकराच्या सुट्टीचा वारही त्याच पाटीवर. गंमत अशी की पगाराचा विषय काढला की जे आम्हाला चहासुद्धा विचारीत नाहीत ते या बाबतीत ऐकून घेतात. कारण कुलूप पाहून गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले की परत येत नाही, हे त्यांनाही कळते. काही जण म्हणतात, आता फोनवर वेळ दिसते की. दिसते. फोनवर 'उघडे आहे' असे वाचून मी गेल्या दिवाळीत दोन दुकानांच्या कुलपांपुढे उभा राहिलो आहे. फोनमधली वेळ बदलायला कोणी तरी लागते, आणि ते काम कोणाचे हे ठरलेले नसते.

एका किराणा दुकानदाराने माझे पुरते ऐकले. त्याला मी सांगितले की अक्षरांबरोबर दोन घड्याळे काढून घ्या, एक उघडण्याचे, एक बंद होण्याचे. ज्याला वाचता येत नाही त्याला काटे तरी दिसतील. रंगाऱ्याने पत्र्यावर छान पिवळी घड्याळे काढली. पण घड्याळ काढायचे म्हणजे दहा वाजून दहा मिनिटेच काढायची, असा त्या रंगाऱ्याचा हात बसलेला. दोन्हींत दहा दहाच काढले. दुकानदाराने मला बोलावून दाखविले. मग आम्ही दोघांनी टर्पेंटाइन आणून काटे पुसले, आणि मी स्वतः, वेडेवाकडे का होईना, एकात साडेआठ आणि दुसऱ्यात नऊ काढले. ती पाटी अजून आहे. काटे वाकडे आहेत, पण दुकान त्या वेळेला बंद होते.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवा म्हणून सांगितले आहे. या सभागृहाचे जे काका दाराशी स्टुलावर बसले आहेत त्यांची सुटण्याची वेळ मी आल्याबरोबर विचारून घेतली. ते साडेआठला कुलूप लावतात आणि त्यांना दोन बस बदलून घरी जायचे असते. आता आठ वाजून बारा मिनिटे झाली आहेत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी हात वर करावा. पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या भगिनी, त्यांचा हात मघापासून वर आहे.